सीतादहीचा कापूस

मलकापुरात कुणाच्या अंगात आलं की मी थर्मामीटर घेऊन जायचो, असा माझा लौकिक! वय आता सत्त्याऐंशी. भुताखेतांवर आजही विश्वास नाही... पण एक गोष्ट मी साठ वर्षं खोटी सांगत आलोय. ती आता खरी सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. सूतगिरणीच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला मी आणि संग्रामपूरचा भास्कर ऑस्ट्रियात होतो. तिथलं सर्वांत उंच शिखर म्हणजे ग्रोसग्लोक्नर. ते चढायचं ठरलं. भास्करनं घरी कळवलं, तर त्याच्या वडिलांनी, संपतकाकांनी, पाकिटात घालून कापसाचा एक पुंजका पाठवला. आमच्याकडे वेचणीच्या आधी वावरात सीतादहीची पूजा करतात, गेल्या हंगामातल्या त्या पूजेतला. सरकीसकट, कुंकू लागलेला. सोबत चिठ्ठी — ‘सगळ्यात वरतं ठेवजो.’

चढाईचा दिवस नेमका श्रावणी सोमवार. भास्करला कडक उपास. वाटाड्यापासून त्यानं ते लपवलं. मला माहीत होतं, पण मीही बोललो नाही.

मुख्य शिखराच्या अलीकडे एक धाकटं शिखर आहे. पुढे अरुंद खिंड, दोन्हीकडे खोल दरी. तिथे भास्कर मटकन खाली बसला. ओठ निळे पडलेले. वाटाड्या म्हणाला, तिघंही परत फिरू. पण शिखरावरचा लोखंडी क्रूस समोर दिसत होता... मी हट्टच धरला. तासाभरात येतो म्हणालो.

“जाय ना बे,” भास्कर हसला. “मले कोन चोरून नेते इथून?”

“कापूस दे. मी ठेवतो.”

त्यानं छातीवरचा खिसा दाबून धरला. “बाबानं मले सांगतलं, तुले नाही. मीच ठेवीन.”

वाटाड्यानं त्याला तिथे गिर्यारोहकांसाठी रोवलेल्या लोखंडी खांबाला दोरानं नीट बांधलं आणि आम्ही दोघं निघालो. वर जायची वाट एकच. आदल्या रात्रीचं ताजं बर्फ, त्यावर आमच्याआधी कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं.

क्रूसापाशी पोचलो. त्याच्या बुडाशी, एका दगडाखाली, कापूस होता. सरकीसकट. कुंकू लागलेला. आणि पूर्ण कोरडा!

मी तो उचलून खिशात घातला आणि वाटाड्याला फक्त खाली उतरायची खूण केली.

भास्कर तसाच बसलेला होता. दोराची गाठ जशीच्या तशी. वाटाड्यानं नाडी पाहिली, मग टोपी काढली. आणि मी काय केलं? आधी त्याच्या खिशाचं बटण उघडलं. खिसा रिकामा होता.

त्याच्या घरी मी कळवलं — आम्ही दोघं तिथूनच वळलो, त्याचं डोकं शेवटपर्यंत माझ्या मांडीवर होतं. तो कापूस परतीच्या बोटीवरून समुद्रात टाकून दिला.

संग्रामपूरला गेलो तेव्हा संपतकाकांनी एकच विचारलं, “कापूस ठेवला का त्यानं वरतं?”

‘हो’ म्हणावं, तर मी त्याला एकटं टाकून वर गेलो होतो हे सांगावं लागणार.

“नाही काका. अर्ध्यातूनच फिरलो.”

“एवढुसं काम होतं बाप्पा,” ते म्हणाले, “थे बी नाही झालं पोट्ट्याच्यानं.”

ते होते तोवर त्यांच्या वावरात पुन्हा सीतादही झाली नाही.

गेल्या महिन्यात भास्करच्या बहिणीला, शांताबाईला, हे सगळं सांगितलं.

“थो वरतं पोचला कसा, भाऊ?”

“माहीत नाही, बाई. साठ वर्षं डोकं फोडतोय... नाही कळलं.”

“मंग बाबाले काऊन नाही सांगतलं?”

ते मात्र मला माहीत होतं.