त्या रांगेत आठ आठवडे उशिरा

नोकरी गेली तेव्हा मी फारसा घाबरलो नाही. मी चांगला इंजिनियर होतो आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसरी नोकरी आज ना उद्या मिळणारच होती. धाकधूक होती ती फक्त श्रूजबरीतल्या नव्या घराची. तोवर हप्ते भरता आले नाहीत, तर घर हातचं जाणार होतं. कंपनीने बारा आठवड्यांचा पगार सेव्हरन्स म्हणून एकरकमी दिला होता. त्यावर बेकारी भत्ता मिळाला असता, तर निभावलं असतं.

त्याच शनिवारी पॉटलक होता, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. आमच्या मराठी मंडळींत सगळ्यांत आधी अमेरिकेत आलेले काका, ज्यांना विचारल्याशिवाय आम्ही साधी गाडीसुद्धा घेत नसू, ताटावरून मान वर करून म्हणाले, "सेव्हरन्स घेतलास ना? मग अनएम्प्लॉयमेंट विसर. अप्लाय केलंस तर सिटिझनशिपला उगाच प्रॉब्लेम."

विषय संपला. भत्त्याच्या ऑफिसला एक फोन करावा, एवढंही मला सुचलं नाही. काका बोलले म्हणजे बोलले!

आठ आठवडे उलटले आणि बायकोचा पारा चढला. "काका म्हणजे काय गव्हर्नमेंट आहे का? चला, मी ड्राइव्ह करते."

भत्त्याच्या ऑफिसात तासभर रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी सेव्हरन्सचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे मिळण्यासाठी कशावर सही करावी लागली का?"

करावी लागली होती. कंपनीवर कधीही दावा लावणार नाही, असं लिहून दिल्याशिवाय चेक मिळणार नव्हता. बाईंनी तो कागद नीट वाचला.

"मग हा पगार नाही. तुम्ही हक्क सोडलात, त्याचा मोबदला आहे. सहीशिवाय मिळाला असता, तर भत्त्यासाठी थांबावं लागलं असतं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात यायचं होतं."

"आणि मागचे आठ आठवडे?"

"ते गेले. अर्ज आजपासून."

सिटिझनशिपचं विचारलं, तर त्या हसल्याच. म्हणाल्या, नोकरी गेलेल्यांसाठीचा विमा आहे हा, सिटिझनशिपशी काही संबंध नाही, त्यात लाजायचं काय?

मी तडक काकांकडे गेलो. चार शब्द चांगले सुनावायचेच होते आणि ते सुनावलेही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा जॉब गेला होता, तेव्हा मला एकाने हेच सांगितलं," ते म्हणाले. "मी चेक केलं नाही. खरं सांगू? बरंच वाटलं. त्या रांगेत उभं राहायला नको."

मला तो शनिवार आठवला. पॉटलकहून परतताना गाडीत मीही चक्क शीळ घालत होतो.