मिशीतले पराग

सलूनवाल्याने दुकानामागच्या बोळात भोपळ्याचा वेल लावला होता. वेल भिंत चढून गेला, पानं ताटाएवढी झाली. पण भोपळा म्हणून धरेना. फुलामागची गाठ पिवळी पडून गळून जायची. "आता आणखी एक गाठ गळू दे, वेलच उपटते. नुसता मिरवतोय, तुमच्यासारखा," त्याच्या सासूबाईंनी जावयाला बजावलं.

बोळात मधमाशा फिरकत नाहीत, हे कळायला सलूनवाल्याला अर्धा हंगाम लागला. त्या सकाळी एक मादी फूल उमललं आणि एकच नर. नरातले पराग मादीपर्यंत आपणच पोचवायचे, तेही फुलं मिटायच्या आत, म्हणून तो कोरडा ब्रश शोधायला दुकानात गेला.

परत येतो तर मिशी काढून घ्यायला आलेले पोस्टमनमामा नर फूल तोडून, हुंगून, गटारात टाकून मोकळे झालेले.

"वास काहीच नाही रे याला," मामा म्हणाले.

सलूनवाला कपाळावर हात मारणार, तेवढ्यात त्याला मामांची झुबकेदार मिशी दिसली. ती पिवळीधमक झाली होती.

"मामा, आता हे दुसरं हुंगा. चांगलं आत नाक घालून."

"मी काय भुंगा आहे?"

"आज आहात."

मामांनी हुंगलं, वर शिंकलेही.

गाठ फुगत गेली तशा सासूबाई निवळल्या. "जावयाच्या हाताला गुण आहे," असं त्या शेजारणीला सांगतात. मामा अजून दर आठवड्याला मिशी काढायला येतात, आणि सलूनवाला वेलावरच्या कळ्या पाहून, मिशीला हात न लावता, त्यांना पुढची तारीख देतो.