हुरडा आणि कवळी

जालन्याच्या दातांच्या डॉक्टरकडे खेपा घालघालून मी वडिलांना कवळी बसवून आणली. त्याच हिवाळ्यात शेतात हुरडा भाजला. वडिलांनी कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि खिशात टाकली. माझं डोकंच फिरलं.

"अहो बाबा, दात कशाला केलेत मग?"

त्यांनी कोवळे, गरम दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटले. आगटीचा धूर ज्वारीवर तरंगत होता. त्या धुरात त्यांचा बोळका चेहरा विरघळत विरघळत तान्ह्या बाळासारखा झाला. कितीतरी वेळ ते नुसते हिरड्यांनी चघळत राहिले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "ते दात तुह्यासाठी घालतो, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. चव न्हाई लागत त्यानं बिलकुल. आता खाऊ दे मला माह्या तोंडानं."