तार की कॅप

बी.एड.च्या वर्षी माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं. माझे वरचे दोन दात पुढे आलेले आणि एकमेकांवर चढलेले होते. वडील मला आर्वीहून बसने वर्ध्याच्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. तार लावली तर दात जागेवर येतील, पण दीड वर्ष लागेल. कॅप बसवल्या तर दोन आठवड्यांत काम होईल, पण त्यासाठी दोन्ही चांगले दात कायमचे घासून बारीक करावे लागतील.

घरी आत्या म्हणाली, "कॅपच बसव. तारवाली पोरगी कोन पाह्यले येईन?"

"पन चांगले दात काऊन घासाचे?" आई म्हणाली.

"मंग दीड वर्ष तोंड मिटून बसव तिले. पाव्हण्यायले पोहे देजो म्हणा, पन हासू नको."

वडील सकाळी तारेच्या बाजूने असत, संध्याकाळी कॅपच्या. मलाही ठरवता येईना. घासलेले दात डोळ्यांसमोर आले की तार बरी वाटे आणि आरशासमोर उभी राहिले की कॅप.

शेवटी मी तार लावायची म्हटलं. वडिलांनी मध्यस्थांना कळवलं की दीड वर्ष कोणाला आणू नका. ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मीच गोंधळले. आईने विचारलं, "दातासाठी लावून राह्यली, का पाहुणे टाळाले?"

दात सरळ होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते मला खात्रीने आजही सांगता येत नाही.