पावातला गूळ कमी होत गेला

सुमन, ये गं, अशी जवळ येऊन बस. दारातूनच ‘बरी आहेस ना’ विचारायचं आणि चपलाही न काढता परत फिरायचं, हे तू कुठून शिकलीस? तेराव्याला आलीस, कोपऱ्यात बसलीस, आणि त्यानंतर जी गेलीस ती गेलीसच. परवा भाजीवाल्यापाशी मला पाहिलंस आणि हातातली मेथीची जुडी तशीच टाकून पलीकडच्या फुटपाथवर गेलीस. मी काय मेथी हिसकावून घेणार होते? पुण्यात माणसं ओळख दाखवत नाहीत ती वर्गणी मागायला आलेल्यांना, जन्माच्या शेजारणीला नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून म्हटलं पुरवणीत लिहावं. पेपर तर तू निविदांसकट वाचतेस. तेव्हा ऐक. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. मलाही आताशा माझ्याच स्वयंपाकघरात पाय टाकताना तसंच होतं...

बाकीच्या वाचणाऱ्यांना थोडं सांगते, नाहीतर म्हणतील बाईंनी शेजारणीशी झालेलं भांडण छापायला दिलं. आमचे हे काही आठवड्यांपूर्वी गेले. छातीत कफ साठल्याचं निमित्त झालं, दवाखान्यात ठेवलं, आता घरी सोडू असं डॉक्टर म्हणतही होते. मी सकाळी घरी आले होते. आंघोळ करून त्यांच्यासाठी भाताची पेज न्यायची होती. पेज डब्यात भरली, झाकण लावत होते आणि मुलाचा फोन आला. “आई, आता घाई करू नकोस,” एवढंच म्हणाला. घाई करू नकोस... तेव्हाच कळलं. तरी मी डबा पिशवीत घातला आणि रिक्षात मांडीवर धरून नेला. ही गरम पेज आता कुणासाठी, हे विश्रांतवाडीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत मनातसुद्धा आलं नाही. त्याच्या आदल्या दुपारी ते माझ्याशी बोलले होते. ते बोलणं मला तुला सांगायचंय सुमन, पण ते असं अधूनमधून सांगून कळायचं नाही, ओळीनंच सांगायला हवं.

खडकीच्या कारखान्यात यांचा जन्म गेला. तपासणी खात्यात. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मापात आहे का ते बघायचं, नसली तर परत पाठवायची, हेच काम. घरी आमटीकडेही त्याच नजरेनं बघायचे, फक्त परत पाठवायची छाती नव्हती. ते निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला माझ्या रक्तात साखर निघाली. मला गोड म्हणजे जीव की प्राण. दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी यांनी साखरेचा डबा उचलला आणि तुझ्या दारात नेऊन ठेवला. “सुमनताई, आमच्या घरात आता याला थारा नाही.” मी म्हटलं, “अहो, साखर मला झालीय, तुम्हाला नाही. तुमचा चहा तरी गोड करते.” तर म्हणाले, “एका घरात दोन चहा होत नसतात.” झालं! श्रीखंडात पुरी बुडवून नव्हे, पुरीवर श्रीखंड थापून खाणारा हा माणूस, त्या दिवसापासून लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की पानावर हात आडवा धरायला लागला. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, “मला आवडत नाही.” आणि मी शेजारी बसून ते ऐकायची.

मग ते भट्टी घेऊन आले. भट्टी म्हणजे तो टेबलावरचा ओव्हन, पण ते भट्टीच म्हणायचे. मोबाइलवर बघून बघून शिकले. लोण्याच्या जागी दही, मैद्याच्या जागी खपली गव्हाची कणीक, साखरेच्या जागी खजुराचा लगदा आणि थोडा गूळ. डॉक्टरांनी बजावलं होतं की गूळ म्हणजे काही साखरेचा अवतार संपला असं नाही, तोही मोजूनमापूनच. आता मोजून करा असं यांना सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. काट्यावर वाटी ठेवायची, त्यात गूळ किसून घालायचा, जरा जास्त झाला तर चिमटीनं काढायचा. नाचणीची बिस्किटं, ताकातला रव्याचा केक, आणि दर आठवड्याला मनुका घातलेला गोड पाव. भाजून झाला का ते बघायला माझी विणकामाची सुई त्यात खुपसायची आणि उजेडात धरून निरखायची. ‘हलका’ हा त्यांचा लाडका शब्द. “आजचा केक एकदम हलका झालाय.” मी मनात म्हणायची, अहो, हलका आहे तर दोन हातांनी का आणताय? मग माझ्यापुढे बशी सरकवून समोर बसायचे. “कसा झालाय?” मी म्हणायची, “छान झालाय.” एवढं म्हटलं की उठायचे आणि भांडी घासायला घ्यायचे. मी उरलेला तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकायची. सोसायटीची कुत्री मला बघून शेपटी का हलवायची, ते आता सगळ्यांना कळेल.

तू मात्र कधी तोंडदेखलं बोलली नाहीस. तो पहिल्या वर्षीचा पाव तुला दिला तेव्हा तू चावत राहिलीस, चावत राहिलीस, आणि म्हणालीस, “भाऊजी, हा खायचा आहे का गच्चीची गळती बुजवायचा?” माझा जीव खाली-वर! पण हे खळखळून हसले. चष्मा लावून जवळ आले. “नेमकं सांगा. कोरडा लागतोय की चिवट?” तू म्हणालीस चिवट. पुढच्या वेळी त्यांनी दही वाढवलं, पीठ जास्त वेळ झाकून ठेवलं, आणि पाव खरंच मऊ आला. तो तुकडा घेऊन ते आधी तुझ्याकडे आले होते, माझ्याकडे नाही. मी तुला जिन्यात गाठून रागावले, की म्हाताऱ्या माणसाच्या मनाला लागेल असं कशाला बोलतेस. म्हणजे त्यांच्या मनाची काळजी म्हणे मला!

आणि मग आपलं ते फिरणं. डॉक्टरांनी सांगितलं रोज चाला, म्हणून आपण दोघी बूट घालून निघायचो आणि कोपऱ्यावर रिक्षा करायचो. खडकी बाजारातली ती बेकरी, बाहेरचा बाक, मावा केक, आणि तुझा क्रीमरोल. तुझ्या नाकाला क्रीम लागायचं आणि मला हसू आवरायचं नाही. “आज किती चाललीस?” असं यांनी विचारलं की मी पाय चेपत बसायची. ते गरम पाणी आणून द्यायचे पायांना... सुमन, हे लिहिताना हात थांबतो बघ.

सुरुवातीला त्यांचा पाव बरा लागायचा, खोटं कशाला बोलू. पण पुढे पुढे त्यातली गोडी कमी होत गेली. मग तर नुसत्या मनुकेची काय ती चव, बाकी कणीक. मी तुला म्हटलं होतं, “वयानं यांची जीभ गेली गं.” आपण हसलो होतो. आणि घरचा पाव असा सपक, म्हणून बेकरीच्या फेऱ्या वाढल्या. हे मात्र बिनसाखरेच्या चहात तो पाव बुडवून पूर्ण खायचे. बशीतला चुरा बोटानं टिपून घ्यायचे. त्यांच्या रक्तात साखर नव्हती, त्यांना बेकरी नव्हती, त्यांना तू नव्हतीस हसायला. त्यांच्या वाट्याला गोड म्हणून काय ते तेवढंच होतं.

आता ती दुपार. दवाखान्यात खिडकीशी कॉट होती. मी त्यांचे पाय चेपत होते. नर्सनं माझ्यासाठी चहा आणला तर म्हणाले, “बिनसाखरेचा आणायला हवा होता.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मावा केक अजून चांगला मिळतो का गं तिथे?”

माझे हात जागच्या जागी राहिले.

“मी ताजं यीस्ट मागायला गेलो होतो एकदा,” म्हणाले. “रस्त्यापलीकडून पाहिलं. तू आणि सुमनताई बाकावर. परत आलो.” मी म्हटलं, “अहो, मग हाक का नाही मारली?” म्हणाले, “तू हसत होतीस. माझ्या पावावर अशी कधी हसली नव्हतीस.” दम लागत होता, तरी बोलत होते. म्हणाले, “तुझं तिथलं धरून इथलं कमी करत गेलो. दिवसाची साखर ठरलेली. ती ओलांडून कशी चालेल?” हिशेबच तो, तपासणी खात्याचा! मला एकदम सगळं दिसलं गं. मी बाहेर खात होते म्हणून ते गूळ कमी करत होते, आणि गूळ कमी म्हणून मी बाहेर खात होते. वर्षानुवर्षं आम्ही दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसून हे करत होतो. आणि माझ्या मावा केकपायी कमी केलेला तो गूळ त्यांच्याही तुकड्यातून कमी होत होता.

मी रडायला लागले. “मग बोलला का नाहीत मला?” तर त्यांचं ते नेहमीचं, तिरकं... “बोललो असतो तर तू नाही म्हणाली असतीस. साखरेवर आणखी एक खोटं कशाला वाढवा?” मग म्हणाले, “घरी गेलो की तू तिथलं बंद कर, मी गूळ वाढवतो. चव येईल बघ.” मी मान डोलावली.  मग त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, “आता सांग. पाव कसा होता?”

सुमन, सगळं उघडं पडलं होतं. लपवायला काही उरलं नव्हतं. तो माणूस ‘चिवट’ ऐकायला आसुसलेला होता, ‘सपक’ ऐकायला, काहीही खरं ऐकायला. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये?

“छान होता.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “बरं,” म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर आमचं बोलणं झालं ते फक्त पेज आणायची की नाही, एवढंच.

दहाव्याला कावळा पटकन शिवला. सगळे म्हणाले, समाधानानं गेले, इच्छा काही राहिली नव्हती. मी पदर तोंडाला लावून उभी होते. लोकांना वाटलं दुःख. कावळ्याला काय कळतंय, कुणाचं उत्तर राहिलं ते?

आपण त्यांच्यापासून लपवून खायचो म्हणून तू स्वतःला बोल लावून घेतेस हे मला दिसतं. बेकरीचा बाक आपल्या दोघींचा होता, पण त्यांच्यापुढची खुर्ची माझी एकटीची होती. तेव्हा तुझ्या वाट्याचं ओझं उतरव. माझं मला असू दे. त्या बाकावर मी पुन्हा गेलेले नाही. काल भट्टी पुसून घेतली. यांनी सांगितलं होतं तसा गूळ वाढवला. किती घालायचा ते सांगून गेले नाहीत, मी अंदाजानंच घातला. पाव फुगला, वरून तांबूस झाला, घरभर वास सुटला. कापला, एक घास खाल्ला, आणि समोरच्या खुर्चीकडे बघून माझ्या तोंडात तोच शब्द आला. छान. मला खरंच तो छान लागला की नुसती सवय बोलली, माझं मलाच कळेना. मी तोंडातला घास तसाच धरून बसले होते...

पाव फार दिवस राहत नाही, दह्याचा आहे. तू ये. चपला काढून आत ये, त्यांच्या खुर्चीवर बस आणि चावून बघ. चिवट असला तर चिवट म्हण, गूळ कमी पडला असला तर तसं म्हण. मी रागावणार नाही, जिन्यात गाठणारही नाही. फक्त लवकर ये गं.