कोटासकट आंघोळ

त्या नटाला मी ऐन जुलैत, ॲरिझोनाच्या उन्हात, जाड लोकरी कोट घालायला लावला. कथेची गरज आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. कथा मीच लिहीत होते, त्यामुळे तिला कशाची गरज आहे हेही मीच ठरवत होते.

मी नाटकं आणि मालिका लिहिते. माझी ओळख करून देताना लोक ‘ब्रिटिश नाटककार आणि पटकथाकार’ असं म्हणतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघून जरा थांबतात. जन्म मिरजेचा, शाळा-कॉलेज इंग्लंडातल्या लेस्टरमधलं, आणि गेली कित्येक वर्षं घर इथे, ॲरिझोनातल्या चँडलरला, कारण नवऱ्याची नोकरी चिप बनवणाऱ्या कंपनीत. इथल्या मराठी मंडळात माझी कीर्ती एवढीच की दर गणपतीला कुणीतरी फोन करतं, “काकू, पंधरा मिनिटांचं स्किट द्याल ना? फक्त सगळ्या मुलांना डायलॉग पाहिजेत.” मी देते. त्या मुलांवर माझा राग नाही.

राग कुणावर आहे ते सांगते. त्यासाठी आधी आईची गोष्ट सांगायला हवी.

लेस्टरला आई मोज्यांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून मोजे येत, त्यांच्या जोड्या लावायच्या, एवढंच काम दिवसभर. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात तिची आई मिरजेला वारली. तार घरी आली आणि वडिलांनी कारखान्यात फोन केला. फोन आवारापलीकडच्या ऑफिसात होता, म्हणून आई कोट चढवून गेली. ऐकलं, फोन ठेवला. माणूस गेल्याचं कानावर आलं की आंघोळ करायची, हे तिच्या हाडात मुरलेलं. घरी सोडायला सुपरवायझर तयार नव्हता. मग ती हात धुवायच्या खोलीत गेली, आतून कडी घातली, फरशी पुसायची बादली विसळून घेतली, नळाखाली भरली आणि डोक्यावरून ओतली. कोट अंगावरच होता. तिथे कपडे काढायची सोय नव्हती. निथळत परत पट्ट्यापाशी येऊन तिने मोजे हातात घेतले. सुपरवायझरने तिच्याकडे बघून विचारलं, “बाहेर पाऊस आहे का?” ती म्हणाली, “येस.”

हे तिने मला एकदाच सांगितलं, धुतलेल्या चादरीच्या घड्या घालता घालता. चादरीचं एक टोक तिच्या हातात होतं, एक माझ्या. मी तेव्हा पबच्या माडीवर, वीसएक खुर्च्यांपुढे होणारी नाटकं लिहायचे. ती चादर कपाटात जायच्या आधी माझ्या डोक्यात पुढचं नाटक सुरू झालं होतं.

ते नाटक लंडनच्या एका खऱ्याखुऱ्या थिएटरने घेतलं. घेतलं ते त्या कोटवाल्या नटाच्या जोरावर. टीव्हीमुळे त्याचा चेहरा घरोघरी होता, तिकिटं त्याच्या नावावर जाणार होती. तो सुपरवायझर झाला होता. दुसऱ्या अंकात आईचं स्वगत होतं. तालमीत एक तरुण नटी ते म्हणायची आणि तेवढा वेळ त्याला प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहावं लागायचं.

पहिल्या प्रयोगाला आई आली. एकटी नाही, कारखान्यातल्या मैत्रिणींना घेऊन, बसने, इरकल नेसून. मी तिला सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या अंकात तुझं येईल. तिने ते सगळ्यांना सांगितलं होतं. दुसरा अंक सुरू झाला. नटी ओली होऊन आली, पट्ट्यापाशी उभी राहिली, आणि तो म्हणाला, “चला, कामाला लागा.” दिवे गेले. पुढचा प्रवेश सुरू झाला. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत? दुपारी त्याने दिग्दर्शकाला धरून ते काढायला लावलं होतं, आणि लेखिकेला कळवावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

पडदा पडल्यावर आई म्हणाली, “छान झालं गं. माझं राहिलं वाटतं.” मैत्रिणी आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

मी त्याला थिएटरच्या बारमध्ये गाठलं. तो हातातला ग्लास न ठेवताच म्हणाला, “तिथे नाटक अडखळत होतं, डार्लिंग. आणि माझी पाठ बघायला कुणी येत नाही.” भोवतालचे हसले. मीही हसले असेन, त्या वयात हसतो माणूस. ते स्वगत परत कधी आलं नाही. नाटक चाललं, वर्तमानपत्रांनी पाठ थोपटली, माझं नाव झालं. म्हणजे माझं सगळं करिअर आईला गाळून उभं राहिलं, आणि याबद्दल मी त्या माणसावर डूख धरून आहे. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा मुरला.

पुढे काही वर्षं मी ब्रिटिश टीव्हीवरच्या एका हॉस्पिटलच्या मालिकेत लिहीत होते. तिथे मी शिकले की लेखकाच्या हातात काय काय असतं. त्रास देणाऱ्या नटाला मारून टाकता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते कच्चं काम. नट सुटतो, दुसरीकडे कामाला लागतो. त्यापेक्षा त्याला जेवणाचे प्रसंग द्यावेत. एका टेकला घास घेतला की प्रत्येक टेकला घ्यावा लागतो, त्याच शब्दावर, तोच गार पदार्थ. पावसातले प्रसंग द्यावेत. जिने द्यावेत. आणि स्क्रिप्टमध्ये हे सगळं अगदी साळसूद दिसतं.

इथे आल्यावर काही वर्षं लॉस एंजेलिसच्या फेऱ्या केल्या, दुसऱ्यांच्या मालिका लिहिल्या, आणि अखेर माझी स्वतःची मालिका मिळाली. मुलाकडे वाळवंटात राहायला आलेला एक म्हातारा इंग्रज, अशी गोष्ट. प्रमुख लेखक मी, कापाकापीत शेवटचा शब्दही माझा. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी नटांच्या ऑडिशनच्या टेप आल्या आणि त्यात तो होता. केस पांढरे, आवाज तसाच. ऑफिसातले सगळे म्हणाले, हाच. मी नको म्हणाले असते तर तो आला नसता. म्हणून मी हो म्हणाले.

पहिल्या दिवशी तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, “आपण आधी कधी भेटलोय का?”

“नाही,” मी म्हणाले.

मग मी कामाला लागले. त्याच्या म्हाताऱ्याला गार ओटची लापशी आवडू लागली. प्रत्येक भागात तो ती वाडगाभर खाई. त्याला घराच्या गच्चीवर चढून काहीबाही दुरुस्त करायची सवय लागली, तीही भर दुपारी. आणि मेलेल्या भावाचा म्हणून तो एक लोकरी कोट घालू लागला, जो काही केल्या काढायचा नाही. कपडेपट सांभाळणाऱ्या मुली आतून बर्फाच्या पिशव्या लावायच्या, त्यांचं पाच मिनिटांत पाणी व्हायचं.

माझी मुलगी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून सुट्टीला आली होती. सेटवर एक दिवस बघून घरी येताना गाडीत म्हणाली, “आई, तू मुद्दाम करतेयस ना हे? दिस इज सो चाइल्डिश, यार.”

“हो,” मी म्हणाले. “एसी वाढव.”

पण मजा येईना. कारण तो तक्रारच करत नव्हता. लापशी खायचा, घाम पुसायचा, लायटिंगच्या मुलांशी थट्टा करायचा. सगळ्यांचा लाडका झाला. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तेव्हा मी ठरवलं की हा सगळा पोरखेळ होता. त्याने जे गाळलं तेच त्याच्या तोंडी घालायचं. जगापुढे, आईच्या देखत, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं.

म्हातारा नातीला तरुणपणची गोष्ट सांगतो, असा प्रसंग मी लिहिला. मोज्यांच्या कारखान्यात कामाला असताना आई वारल्याचा फोन. कोटासकट डोक्यावर बादली. आंघोळीचं कारण मात्र बदलावं लागलं, इंग्रज माणसाला ते कुठून असणार? म्हणून तो रडलेलं दिसू नये यासाठी पाणी ओततो, असं केलं. बाकी शब्द न् शब्द आईचा.

आणि त्याने ते असं काही केलं, की सेटवर कुणी हललं नाही. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. कोटाच्या बाहीचं टोक नुसतं पिळत होता, जणू ती अजून ओली आहे. ते मी लिहिलं नव्हतं. माझे डोळे भरले, आणि त्याच्यामुळे भरले म्हणून मला स्वतःचाच संताप आला.

नंतर तो माझ्या खुर्चीपाशी आला. त्याला काहीही आठवलेलं नव्हतं. “इतकं चांगलं मला कितीतरी वर्षांत कुणी दिलं नव्हतं,” तो म्हणाला. “कुठून आलं हे?”

“एका बाईने सांगितलं.”

“तिचे आभार मानायला हवेत,” तो म्हणाला. तो भाग लागेल तेव्हा तो सुट्टीवर इंग्लंडात असणार होता. त्या रात्री त्याने सगळ्या घराला बोलावलं होतं, मुलगी, जावई, नातवंडं. “मी काय केलंय ते एकदा त्यांना बघू दे,” म्हणाला.

आई आता माझ्याकडेच असते. भागाचं कच्चं संकलन झालं तेव्हा मी ते घरच्या टीव्हीवर लावलं. आई सोफ्यावर, मुलगी खाली गालिच्यावर. इतक्या वर्षांनी आईचं येणार होतं, आणि या वेळी ते गाळणारं कुणी नव्हतं. तो बोलायला लागला. आईने शाल मांडीवर घेतली आणि शेवटपर्यंत पापणी हलवली नाही.

“हाच ना तो?” तिने विचारलं.

“हाच.”

“मी रडणं लपवायला नव्हती केली आंघोळ.”

“माहितीये गं आई. तेवढं बदलावं लागलं.”

“बोलला मात्र चांगलं.” तिने मांडीवरची शाल नीट केली. “तो बघायला बसेल ना हे?”

“हो. सगळ्या घराला बोलावलंय त्याने.”

“मग काप,” आई म्हणाली. “आणि सांगू नकोस.”

मुलगी उठून बसली. “आजी! दॅट्स सो मीन. ही वॉज ग्रेट इन इट!”

“चांगलं झालंय म्हणूनच,” आई म्हणाली. “वाईट असतं तर कापून काय उपयोग?”

मला वाटलं होतं की या घरात सूड घेणारी मी एकटीच आहे. “आई,” मी म्हणाले, “ते तुझं आहे. कापलं तर परत कुणीच ऐकणार नाही.”

“मी ऐकलं ना.”

भाग ठरल्या वेळेपेक्षा लांब झालाच होता, काहीतरी काढायला हवंच होतं. एडिटर म्हणाला होता, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा प्रसंग काढू. मी सकाळी त्याला सांगितलं, कुत्रा राहू दे, म्हाताऱ्याचं भाषण काढ.  तुझं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच त्याने विचारायचं बाकी ठेवलं. नियमाप्रमाणे नटाला कळवावं लागत नाही. मी नियम मोडला नाही.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा इंग्लंडातून फोन आला. आवाज हसरा ठेवायची धडपड चालली होती. सगळे वाट बघत होते, म्हणाला, धाकट्या नातवाने शेवटपर्यंत विचारलं, आजोबा, तुमचं कधी येणार? मग त्याने विचारलं, काय झालं?

हे उत्तर मी तीसएक वर्षं तोंडात धरून बसले होते. “तिथे अडखळत होतं, डार्लिंग,” मी म्हणाले.

 त्याला काही आठवलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. त्याने बाय म्हटलं आणि फोन ठेवला. मला अपराधी वाटलं का, असं मुलगी विचारते. नाही वाटलं. त्या दिवशी मी बाजारातून श्रीखंड आणलं.

तो कापलेला तुकडा मी आईच्या टॅबवर घालून दिला आहे. जगात तो तेवढ्या एकाच ठिकाणी बघायला मिळतो. दुपारचा चहा झाला की ती टॅब मांडीवर घेते आणि लावते. तो कोटात घामाघूम होऊन सगळं सांगतो, फोन, बादली, थंडी, पट्ट्यावरचे मोजे. सुपरवायझरने विचारलं, बाहेर पाऊस आहे का, इथपर्यंत येतो आणि उत्तर द्यायला तोंड उघडतो. आई काचेवर बोट टेकवून त्याला तिथेच थांबवते.

“येस,” ती म्हणते, आणि टॅब बंद करून ठेवते.