वास येतोय का?

आमचा धाकटा भाऊ धुरावर पोट भरतो. हसण्यावारी नेऊ नका, ही सरकारी नोकरी आहे. कुठे जंगल पेटलं, कुठे धूळ उठली की हा उपग्रहाचे फोटो एकापुढे एक लावतो आणि धूर कुठवर सरकला तिथवर रेघ ओढतो. ढग गुबगुबीत दिसतो, धूळ पिवळट, धूर पुसट फडक्यासारखा. ती रेघ पाहून शाळा मुलांना आत ठेवतात. घरात मात्र त्याला चहा उतू गेलेला दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात लांबची जंगलं पेटली होती. आईने त्याला फोन केला, "अरे, जळका वास येतोय इथे."

"आई, धूर खूप वर आहे. खाली यायला त्याला शिडी लागेल."

मुलगा आभाळातून बघतो म्हटल्यावर आई कशाला शंका घेतेय? खुशाल अंगणात कुंड्या उकरत बसली. संध्याकाळी तिला धाप लागली ती दवाखान्यातच थांबली. जीव वाचला, पण तेव्हापासून नाकात ऑक्सिजनची नळी आहे.

उपग्रह वरून बघतो. धूर खाली किती उतरलाय ते त्याला नीट कळत नाही. हे धाकट्याला माहीत नव्हतं असं नाही, आणि तेच त्याला खातं. घरी आला की आईच्या नळीकडे बघत नाही. ताटातलं चिवडत बसतो. मी एकदा वैतागून म्हटलं, "आता जेव तरी. उपाशी राहून तिचा दम परत येणार आहे का?" तो ताटावरून उठला. मलाच मेलीला वाईट वाटलं.

आमच्या भागात हवा मोजायचं यंत्र नाही. म्हणून आता रेघ ओढण्याआधी रोज सकाळी त्याचा फोन येतो, "आई, वास येतोय का?"

"नाही रे."

काल फोन आला तेव्हा समोरची इमारत दिसत नव्हती. मी खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबत होते, घसा नुसता खवखवत होता. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "नाही रे बाळा. छान हवा आहे."

हो म्हटलं की पोरगं पुन्हा जेवायचं नाही, म्हणून ही बाई धूर गिळून गप्प बसते. आणि तिच्या भरवशावर इथली शाळा भरते.

मी फोन हिसकावून घेतला. "येतोय वास. डोळे चुरचुरताहेत. आम्हाला रेघेच्या आत घे."

तो हळूच म्हणाला, "ताई, आई खोटं बोलली?"

"हो."

"कधीपासून?"

मी आईकडे पाहिलं. ती नळी सारखी करत होती, नीट बसलेली असूनही.

"ते नंतर," मी म्हटलं. "मुलं शाळेला निघायची वेळ झालीय. आधी रेघ ओढ."